एवढं शिकून ती काय करणार?

मैत्रिणींनो, आधी माझी एक चूक कबूल करते आणि मग पुढचं बोलते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरीजवळच्या एका गावात आमच्या बचत गटाची बैठक आटोपली होती. हिशेबाच्या वह्या पिशवीत भरत होते. बायका एकेक करून उठून गेल्या, पण एक जण दाराशी रेंगाळत राहिली. काजूच्या कारखान्यात बिया फोडायचं काम करते ती. हे काम तुमच्यापैकी ज्यांनी केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांना सांगायला नको. टरफलातलं तेल हाताला लागलं की कातडी भाजून निघते, बोटं काळी पडतात. राख लावा, तेल लावा, डाग काही जात नाहीत. लग्नाकार्यात ही बाई हात पदराखाली झाकून बसते.

"वहिनी, जरा बोलायचं होतं," ती म्हणाली. "पोरगी बीएस्शी झाली. फर्स्ट क्लास आला. आता म्हणते अजून शिकायचंय. तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच काय ते सांगा तिला."

मी लगेच सांगून मोकळी झाले, "बी.एड. करू दे. शाळेत लागेल, घरचं बघून नोकरी होईल." कुणी न विचारता दिला जाणारा सल्ला आणि विचारल्यावर विचार न करता दिलेला सल्ला, दोन्ही सारखेच धोक्याचे! मी स्वतः मराठी घेऊन बी.ए. झालेली. मुलीने शिकायचं म्हणजे शेवटी मास्तरीण व्हायचं किंवा बँकेत चिकटायचं, एवढंच माझ्या पिढीने पाहिलेलं. त्या पलीकडचा रस्ता मला ठाऊकच नव्हता, पण 'मला माहीत नाही' हे म्हणायला जीभ वळली नाही.

दोन दिवसांनी मुलगी स्वतः घरी आली. पायरीवर बसली. चहा दिला तो थंड होईपर्यंत गप्प, आणि मग एकदम म्हणाली, "काकू, मला बी.एड. नाही करायचं. मला नॅनोमटेरिअल्समध्ये एम.एस्सी. करायचंय. आणि जमलं तर पीएच.डी."

नॅनो म्हटल्यावर मला आठवली टाटांची छोटी गाडी! तसं बोलूनही दाखवलं. ती हसली. आणि मग त्या बावीस वर्षांच्या पोरीने माझ्याच ओटीवर बसून मला जे समजावलं, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं. कारण अशा मुली आपल्या प्रत्येकीच्या आसपास आहेत, आणि त्यांच्या वाटेत बऱ्याचदा आपणच उभ्या असतो.

नॅनोमीटर म्हणजे एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग. आपल्या डोक्यावरचा एक केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आता बोला! पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे गुणधर्मच बदलतात. सोनं पिवळं असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको, पण त्याच सोन्याचे नॅनो आकाराचे गोल कण पाण्यात असले की पाणी माणकासारखं लाल दिसतं. आणि हे सगळं फक्त परदेशातल्या चकचकीत इमारतींतच चालतं असं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चक्क गवती चहाच्या पानांच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनो कण तयार केले. ते संशोधन २००४ साली 'नेचर मटेरिअल्स' या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आलं. आपल्या परसातला गवती चहा! सर्दी झाली की आपण उकळतो तोच. मुंबईच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शेरॉन यांच्या गटाने नॅनो कार्बनसाठी कापूर वापरला, तोच आपल्या आरतीतला. आणि २००९ साली 'टाटा स्वच्छ' नावाचा पाणी गाळण्याचा जो स्वस्त फिल्टर बाजारात आला, त्यात काय होतं माहितीये? भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनो कण. विजेशिवाय चालणारा. भाताचं तूस म्हणजे आपल्या कोकणात गिरणीच्या मागे ढीग पडलेला असतो तेच.

मी विचारलं, "पण हे केमिस्ट्री की फिजिक्स?"

"तेच तर काकू," ती म्हणाली. "दोन्ही. आणि शिवाय बायोलॉजी, थोडं इंजिनीअरिंग, थोडं कॉम्प्युटर. एका विषयाचं काम नाही ते."

हे मला पटकन समजलं, कारण आमच्या गटाचं कोकम सरबत असंच होतं. कोकमं निवडणारी एक, पाक करणारी दुसरी, बाटल्या निर्जंतुक करणारी तिसरी, परवान्याचे कागद रंगवणारी चौथी. आधी प्रत्येक जण आपापलंच काम जाणत होती आणि दरवर्षी कुठेतरी घोटाळा व्हायचा. पाक करणारीला बाटलीचं कळत नव्हतं, बाटलीवालीला पाकाचं. ज्या वर्षी सगळ्याजणी एकमेकींचं काम थोडंथोडं शिकल्या, त्या वर्षापासून माल परत येणं बंद झालं. नॅनोच्या संशोधनाचंही तसंच. पाणी शुद्ध करणारा कण बनवायचा तर तो बनतो कसा हे रसायनशास्त्र सांगणार, दिसतो कसा आणि वागतो कसा हे भौतिकशास्त्र, जंतूंवर आणि माणसाच्या शरीरावर त्याचा परिणाम काय हे जीवशास्त्र, आणि घरोघरी पोचवायचा कसा हे इंजिनीअर. कण लहान आहे म्हणून तो निरुपद्रवीच असेल असंही नाही, ते तपासणारी माणसंही त्याच प्रशिक्षणातून यायला हवीत. म्हणून या क्षेत्रात विद्यार्थ्यांना एकाच विभागाच्या चार भिंतींत न कोंडता अनेक विषयांत एकत्र शिकवावं लागतं.

आता मुद्द्यावर येते. हे शिकायला मिळतं कुणाला?

आकडे सांगते, कंटाळू नका. सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीनुसार २०२०-२१ साली देशात विज्ञान शाखेत शिकणाऱ्यांत मुलांपेक्षा मुली जास्त होत्या. मुली साडेएकोणतीस लाख, मुलगे पावणेअठ्ठावीस लाखांच्या आसपास. वाचून छाती फुगली ना? आता दुसरा आकडा बघा. २०१८ साली देशातल्या एकूण संशोधकांत बायका होत्या १८.७ टक्के. म्हणजे पाचात एकही धड नाही. वर्गात निम्म्याहून जास्त आणि प्रयोगशाळेत पाचवा हिस्सासुद्धा नाही! मधल्या रस्त्यात या मुली जातात कुठे? त्यातही तालुक्याच्या गावातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या, दलित-आदिवासी-बहुजन घरांतल्या, मच्छीमारांच्या, मजुरांच्या मुली किती उरत असतील, विचार करा.

आणि हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याने म्हटलं तर एक वेळ ठीक, पण आपण रत्नागिरीकरांनी विसरावं? खेड तालुक्यातल्या शेरवलीत जन्मलेले आणि दापोलीजवळच्या मुरुडला वाढलेले धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला चालत गेले. शंभराहून अधिक मैल! आणि तिथे पोचल्यावर 'तू वयाने लहान दिसतोस' म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. दारापर्यंत येऊन दार बंद होणं म्हणजे काय, हे ज्याने असं सोसलं, त्याच माणसाने पुढे १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली म्हणून ते कोलंबिया विद्यापीठात पोचले. बुद्धी तर त्यांच्याकडे होतीच. पण ती शिष्यवृत्ती मिळाली नसती तर? बुद्धी आणि संधी यांच्यामध्ये पैशाचा एक साकव असतो. तो कुणीतरी बांधावा लागतो.

आणि बायकांचं म्हणाल, तर कमला सोहोनींचं नाव प्रत्येक मुलीला पाठ हवं. त्या तेव्हाच्या कमला भागवत. मुंबई विद्यापीठातून उत्तम गुणांनी पदवी घेतली आणि १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन. त्यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला तो अटी घालून, पहिलं वर्ष परीक्षेवर. त्यांचं काम पाहून पुढे त्या संस्थेची दारं मुलींना उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. परत येऊन त्यांनी कशावर काम केलं? नीरेवर, डाळींवर, गरिबाच्या पोषणावर! मोठ्या प्रयोगशाळेत बसून त्यांनी ताडामाडाच्या नीरेचा अभ्यास केला. मला वाटतं, बाईने संशोधनात असण्याचा अर्थ इथे कळतो. ती आपल्याबरोबर आपले प्रश्न घेऊन जाते. नॅनो पदार्थांच्याच क्षेत्रात पुणे विद्यापीठाच्या डॉ. सुलभा कुलकर्णींनी आयुष्यभर संशोधन केलं, पाठ्यपुस्तक लिहिलं. म्हणजे वाट पडलेली आहे. ती रुंद करायची राहिली आहे.

आमच्या मुलीकडे वळते. तिला मी विचारलं होतं, "तुला हे वेड लागलं कुठून?" तर म्हणाली, "काकू, अकरावीत असताना मी सरांना विचारलं की आईचे हात कशाने भाजतात. ते म्हणाले, काजूच्या टरफलात ॲनाकार्डिक ॲसिड असतं. त्याच तेलापासून रंग बनतात, गाड्यांच्या ब्रेकची अस्तरं बनतात. मग मला वाटलं, ज्याने आईचे हात जळतात त्याला जगात किंमत आहे, आणि हे आईला माहीतच नाही!"

यावर मी काय बोलणार? गप्प बसले.

त्यानंतरचं वर्ष मात्र सोपं गेलं नाही. एम.एस्सी.ला जाण्याआधी दोन महिने एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रशिक्षण मिळालं. निवड झाली तेव्हा गावात पेढे वाटले. पण राहायचं कुठे? होस्टेल फक्त तिथल्याच विद्यार्थ्यांना. विद्यावेतन मिळणार होतं, पण प्रशिक्षण संपल्यावर. बँकेचे कागद, मग कसलासा दाखला, मग अजून एक सही. म्हणजे आधी खर्च करा, मग आम्ही देऊ! ज्याच्याकडे आधी खर्चायला पैसे नाहीत त्याच्यासाठीच तर ही योजना होती ना? शेवटी माझ्या मावसबहिणीच्या दोन खोल्यांत तिची सोय लावली आणि गटातून तिच्या आईने कर्ज काढलं.

आठव्या दिवशी रात्री फोन. "काकू, मी परत येते." सगळे इंग्रजीत बोलतात, हिला वर्गातलं इंग्रजी येतं, जेवणाच्या टेबलावरचं येत नाही. सगळ्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आधी पाहिलेला, हिने फक्त पुस्तकातलं चित्र. त्यात दुसरंच कुणीतरी वापरून ठेवलेलं उपकरण बंद पडलं आणि सगळ्यांच्या नजरा हिच्याकडे वळल्या. मी म्हटलं, "उद्या ये, पण आजची रात्र झोप." दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे कळलं की तिथे पीएच.डी. करणाऱ्या एका मराठवाड्यातल्या मुलीने हिला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "मीही पहिल्या महिन्यात रोज रडत होते. चल, मशीन दाखवते." रोज संध्याकाळी अर्धा तास तिने हिला शिकवलं. बस, एवढंच! हिने दोन महिने पूर्ण केले. त्या ताईला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मानधन दिलं नव्हतं. पण एका मुलीचं शिक्षण तेव्हा सुटलं नाही ते तिच्यामुळे.

म्हणून मला वाटतं की नुसती जागा राखून किंवा नुसती शिष्यवृत्ती जाहीर करून भागत नाही. अमेरिकेत तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने १९९०च्या दशकाच्या अखेरीस अनेक विषय एकत्र शिकवणारा संशोधक-विद्यार्थ्यांचा कार्यक्रम सुरू केला. २००४ साली दुसरा एक केला, तो मला जास्त भावला. ज्या कॉलेज-विद्यापीठांत कृष्णवर्णीय, स्पॅनिशभाषक असे एरवी मागे राहणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात, त्यांना पदार्थविज्ञानाच्या मोठ्या संशोधन केंद्रांशी कित्येक वर्षांसाठी जोडून द्यायचं. म्हणजे एका हुशार मुलाला उचलून मोठ्या शहरात न्यायचं आणि बाकीच्यांना विसरायचं असं नाही. लहान संस्थेलाच मोठीचा हात धरायला लावायचा.

आपल्याकडेही अलीकडे अशी भाषा सुरू झाली आहे. अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने 'पेअर' नावाची योजना आणली. तीत एक आघाडीची संस्था मध्यभागी आणि तिच्याभोवती इतर विद्यापीठं अशी मांडणी आहे. चांगलं आहे. पण ती साखळी विद्यापीठापाशी थांबू नये. रत्नागिरीत १९४५ पासून गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, लोट्याला रसायनांचे कारखाने आहेत. मासळी, काजू, आंबा, भात, समुद्राचं पाणी, कारखान्याचं सांडपाणी, प्रश्न तर पावलोपावली पडलेत! रसायनशास्त्रवाली, मत्स्यशास्त्रवाली आणि शेतीवाली मुलं एका प्रश्नावर सहा महिने एकत्र बसली, आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने, पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांनी त्यांना आपली यंत्रं वापरू दिली, तर काय हरकत आहे? कोट्यवधींची यंत्रं प्रत्येक गावात घेता येणार नाहीत हे मलाही कळतं. पण देशभरातल्या संशोधन-यंत्रांची नोंद आणि आरक्षण करण्यासाठी सरकारने २०२० साली 'आय-स्टेम' ही सोय सुरू केलीच आहे. तिचा वापर करायला शिकवणारं माणूस तेवढं गावच्या कॉलेजात हवं.

योजनाही नाहीत असं नाही. बारावीत बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूळ विज्ञान घेणाऱ्या मुलांसाठी 'इन्स्पायर'ची वर्षाला ८० हजारांपर्यंतची शिष्यवृत्ती आहे. नववी ते बारावीच्या मुलींसाठी २०१९-२० पासून 'विज्ञान ज्योती' आहे. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांना सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांना महाज्योती अधिछात्रवृत्ती देतात. राष्ट्रीय परीक्षा देऊन जेआरएफ मिळवली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. संसारासाठी मध्येच थांबलेल्या बायकांना पुन्हा संशोधनात आणण्यासाठीही केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची योजना २००२-०३ पासून सुरू झाली. हे मी मुद्दाम सगळं लिहिलंय. कात्रण काढून ठेवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पण दोन गोष्टी सरकारला सांगायलाच हव्यात. एक म्हणजे पैसे वेळेवर द्या. अधिछात्रवृत्तीसाठी मुलांना आझाद मैदानात जाऊन बसावं लागतं, हे आपण बातम्यांत वाचलंय. मुलगी घरी पैसे मागू शकत नाही, म्हणून तर ती शिष्यवृत्तीवर शिकते. सहा महिने पैसे आले नाहीत तर घरचे म्हणणार, "बघ, सांगितलं नव्हतं?" दुसरी गोष्ट फीची. २०२४ साली राज्याने ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फीमाफी दिली, त्याचं स्वागतच आहे. पण साध्या विज्ञानात एम.एस्सी. करणारी, संशोधनाला निघालेली मुलगीही तेवढीच गरजू असते. तिच्या फीचा, खानावळीचा आणि होस्टेलच्या खाटेचाही विचार व्हायला हवा.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "एवढं शिकून ती काय करणार? नोकरी कुठे आहे?" हा प्रश्न खोटा नाही. पीएच.डी. झालेली मुलं तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवताना मीही पाहिली आहेत, आणि त्यांचं दुःख मला कमी लेखायचं नाही. म्हणूनच म्हणते, प्रशिक्षणच असं हवं की त्यातून हाताला काम येईल. यंत्र चालवता यावं, पाण्याची-मालाची तपासणी करता यावी, कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत, स्वतःच्या उद्योगात उभं राहता यावं. एकाच विषयात अडकलेल्या मुलीला एकच दार असतं. चार विषय कळणारीला चार दारं ठोठावता येतात. तरीही हमी नाही. पण मला सांगा, लवकर लग्न करून दिलेल्या मुलीच्या सुखाची हमी आपल्याला कुणी दिली होती?

हो, स्थळाचंही सांगायचं राहिलं. प्रशिक्षणाहून ती परतली त्याच महिन्यात मुंबईचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत, स्वतःची खोली, देणंघेणं नाही. बाप खूश. वहिनी पुन्हा माझ्या दारात. "काय करू गो? परत असं स्थळ येल काय?"

या वेळी मी घाईने सल्ला दिला नाही. कागद-पेन्सिल घेतली. दोन वर्षांची फी, खानावळ, एसटीचं भाडं (बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेही धरलं), शिष्यवृत्ती किती आणि ती उशिरा आली तर मधले महिने कसे निघतील, सगळं मांडलं. कर्जाचा आकडा खाली आला तेव्हा तो डोंगराएवढा नव्हता. लग्नाच्या खर्चाचा आकडा शेजारी लिहिला, तो मोठा होता! वहिनी लिहा-वाचायला कमी, पण आकडे तिला चांगले कळतात. बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग आपले काळे पडलेले हात पुढे करून म्हणाली, "ह्या हातांनी बिया फोडल्या त्या तिच्या हातांनी फोडू नयेत म्हणून. जाऊ दे तिला."

नवऱ्याला तिनेच सांगितलं. तो सहा महिने लेकीशी धड बोलला नाही. पण मे महिन्यात सुट्टीला आलेली मुलगी परत निघाली, तेव्हा फणसाची साटं आणि कुळथाचं पीठ तिच्या पिशवीत त्यानेच भरलं, असं ऐकलं.

मुलीने एम.एस्सी.ला प्रकल्प घेतला तो काजूच्या टरफलाचा. टरफलाचा कोळसा करून त्याने सांडपाण्यातला रंग शोषून घेता येतो का, हे ती तपासत होती. पहिले दोन प्रयोग फसले. तिसऱ्यात थोडं यश आलं. तिचे सर म्हणाले, प्रयोग फसणं हाही अभ्यासच. आता ती पीएच.डी.च्या प्रवेशाची आणि जेआरएफच्या परीक्षेची तयारी करते आहे. पहिल्या खेपेला थोड्या गुणांनी हुकली. दुसऱ्यांदा बसणार आहे. होईल की नाही, देव जाणे. नाही झाली तरी पोरगी वाया गेली असं मी म्हणणार नाही.

मैत्रिणींनो, प्रयोगशाळा बांधणं आपल्या हातात नाही. पण तालुक्याहून शहरात प्रशिक्षणाला आलेल्या एखाद्या मुलीला दोन महिने आपल्या घरात एक गादी देणं आपल्या हातात आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची शेवटची तारीख बचत गटाच्या फळ्यावर लिहिणं आपल्या हातात आहे. सून पीएच.डी. करते म्हटल्यावर "मग स्वयंपाक कोण करणार" हे न विचारणं तर नक्कीच आपल्या हातात आहे. आणि पंचविशीतल्या मुलीच्या आईला लग्नाच्या मांडवात गाठून "अजून नाही का जमलं?" असं विचारण्याआधी क्षणभर थांबणं, तेही.

मी त्या दिवशी ओटीवर 'बी.एड. कर' म्हणाले होते. बी.एड. वाईट नाही, पण ते तिचं नव्हतं. तिने माझं ऐकलं नाही, हे तिचे उपकारच म्हणायचे. पुढच्या वेळी कुणाची लेक तुमच्या पायरीवर येऊन बसली आणि तुम्हाला न कळणाऱ्या एखाद्या विषयाचं नाव घेऊ लागली, तर सल्ला देण्याची घाई करू नका. चहा ठेवा, आणि तिलाच विचारा, "सांग बाय, हे काय असतं?"